‘त्यांना काही कळत नाही’

बेशुद्ध आजाऱ्याला भेटायला गेलो की खाटेजवळ उभे राहून आपण सहज म्हणतो, ‘त्यांना काही कळत नाही.’ हे आपण कशाच्या आधारावर म्हणतो?

१९९५ साली अमेरिकेत डॉ. भारत बिस्वाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गोष्ट दाखवून दिली. एमआरआय यंत्रात माणूस नुसता पडून असला, तरी हातांच्या हालचाली सांभाळणारे मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूंचे भाग एकाच लयीत चढउतार करीत असतात. यंत्र विचार वाचत नाही. ते रक्तातील प्राणवायूशी निगडित बदल टिपते. दोन भागांतील बदल जुळत राहिले, की त्यांच्यात संपर्क असावा, असा अंदाज बांधला जातो.

परंतु दोन गावांतील चर्चच्या घंटा एकाच वेळी वाजल्या, म्हणून त्या एकमेकींशी बोलत नसतात. दोन्हीकडे घड्याळ पाहून वाजवतात. तसेच श्वासामुळे किंवा डोके किंचित हलल्यामुळेही खोटा मेळ दिसू शकतो. उलट, खोल भूल दिलेल्या माकडांच्या मेंदूतही खरा मेळ आढळला आहे. म्हणजे मेळ आहे म्हणून जाणीव आहे, असे ठरत नाही.

मग मेळ किंवा प्रतिसाद दिसला नाही, तर जाणीव नाही असे म्हणावे का? २००६ साली एड्रियन ओवेन यांनी इंग्लंडमधील एका प्रतिसादहीन तरुणीला टेनिस खेळत असल्याची कल्पना करायला सांगितले. निरोगी माणसाचे जे भाग जागे होतात, तेच तिचे झाले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, सूचनांना बाहेरून दिसणारा प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूने सूचना पाळल्याचे दिसले. त्याच अभ्यासात, सूचना उघडपणे पाळू शकणाऱ्या ११२ जणांपैकी केवळ ४३ जणांचा प्रतिसाद चाचण्यांना टिपता आला. बाकीचे ६९ जण शुद्धीवर असूनही चाचणीला सापडले नाहीत!

ही तपासणी उपयोगाची आहे. उपचार ठरवताना डॉक्टरांना आणि घरच्यांना तिची मदत व्हावी. पण माणसाचे मोल ती मोजत नाही. अशा रुग्णाचे माणूसपण कधीही उणे होत नाही, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००४ साली स्पष्ट सांगितले होते. प्रतिसाद देतो तोवरच माणूस आपला, असे मानले तर तान्हे बाळ आणि विसरभोळी झालेली आजी यांचे काय?

पुढच्या वेळी खाटेजवळ गेलो की आजाऱ्याबद्दल बोलू नये, आजाऱ्याशी बोलावे. नावाने हाक मारावी, हात हातात घ्यावा. उत्तर आले नाही, तरी आपले बोलणे वाया गेले असे समजू नये.