सेवा हा शब्द कोणाच्या तोंडी?

नाताळ जवळ येऊ लागला की आपल्या मंडळीतल्या घराघरांतून शिवणयंत्राचा आवाज ऐकू येऊ लागतो. कोणी शब्बाथ शाळेच्या मुलांसाठी बटवे शिवते, कोणी उरलेल्या कापडाच्या पिशव्या करते, कोणी रुमालाच्या कोपऱ्यात फूल काढते. या लहानशा वस्तूंनी सणाला जो गोडवा येतो तो दुकानातून आणलेल्या वस्तूंनी येत नाही, हे कोण नाकारील? परंतु या बटव्यांविषयीच एक प्रश्न गेली काही वर्षे आमच्या मनाला टोचत आहे. तो आज वाचक बंधुभगिनींपुढे, विशेषतः शब्बाथ शाळेच्या शिक्षकांपुढे ठेवावा असे वाटते.

प्रश्न असा आहे: दुसऱ्याच्या श्रमाला ‘सेवा’ हे नाव देण्याचा अधिकार कोणाला आहे?

हा प्रश्न आम्हांला पुस्तकात सापडला नाही. तो आमच्याच चुकीतून निघाला, म्हणून आधी ती चूक सांगतो.

देवास हे जुने संस्थानी गाव. पवारांच्या थोरल्या पातीचे व धाकट्या पातीचे अशी दोन राज्ये एकाच गावात नांदली आणि त्यांच्याबरोबर कितीतरी मराठी घराणी माळव्यात येऊन राहिली. पुढे नोकरीधंद्यानिमित्त आणखी आली. त्यांतील आपल्या विश्वासाच्या काही घरी आम्ही प्रार्थनेसाठी व वचनासाठी जात असतो. एका वर्षी नाताळापूर्वी तेथील मुलांना खाऊचे बटवे द्यावेत असे ठरले. साठ बटवे हवे होते. आम्ही शिवणकाम करणाऱ्या एका विधवा भगिनीकडे गेलो. त्यांना सगळे मावशी म्हणतात. आम्ही म्हणालो, “मावशी, मुलांसाठी साठ बटवे हवेत. प्रभूचे काम आहे, सेवा समजून करा.” त्यांनी क्षणभर यंत्राकडे पाहिले आणि म्हणाल्या, “करीन की, भाऊ.”

बटवे वेळेवर आले. आत अस्तर, वर दोन्ही बाजूंनी ओढायची नाडी, एकही टाका वाकडा नाही. कार्यक्रमात आभार मानले गेले ते आमच्या परिश्रमांचे. टाळ्या झाल्या, त्या आम्ही घेतल्या. त्या कार्यक्रमाच्या मंडपवाल्याला आम्ही रोख पैसे दिले. ध्वनिक्षेपकवाल्यालाही दिले. ‘सेवा समजून करा’ असे त्यांना म्हणण्याचे आमच्या मनातही आले नाही.

पुढे जानेवारीत त्यांच्या मुलीशी बोलताना सहज कळले की त्या आठवड्यांत शाळेच्या गणवेशांचे आलेले काम मावशींनी परत पाठवले होते. दोरा आणि नाडी दुकानातून उधारीवर आणली होती, ती उधारी अजून फिटायची होती. आम्ही शरमून त्यांच्याकडे गेलो व विचारले, “मावशी, तुम्ही आम्हांला सांगितले का नाही?” त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही सेवा म्हणालात. मग पैसे कसे मागायचे?”

त्या दिवशी आम्ही घरी येऊन हिशोब मांडला. कापणे, अस्तर लावणे, नाडीची पट्टी दुमडणे, शिवणे, उलटवणे, इस्त्री करणे, असा एका बटव्याला अर्धा तास धरला तरी साठ बटव्यांना तीस तास होतात. घरकाम आटोपून रोज दुपारी तीन तास बसणाऱ्या बाईचे हे दहा दिवस झाले. आम्ही एका विधवेचे दहा दिवस घेतले आणि एका शब्दाने तिचे तोंड बंद केले. आणि तो शब्द पवित्र होता, हे अधिक वाईट.

येथे कोणी म्हणेल, मग पवित्र शास्त्रात दुर्कस नाही काय? आहे, आणि तिची गोष्ट आपल्या प्रत्येक भगिनी मंडळात सांगितली जाते. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात यापो गावची ही शिष्या मरण पावते. पेत्र येतो तेव्हा विधवा रडत रडत त्याला दुर्कसेने केलेले अंगरखे व वस्त्रे दाखवतात. तिच्या तोंडचे एकही वाक्य शास्त्रात नोंदलेले नाही. तिची साक्ष तिच्या टाक्यांनी दिली. हाताने शिवलेल्या दानाला याहून मोठा मान कोठे मिळेल? तेव्हा शिवून देणे ही खरी सेवा होऊ शकते, याविषयी आम्हांला शंका नाही. पण पाहा, त्या गोष्टीत विधवा घेणाऱ्या आहेत. जिच्याजवळ देण्याजोगे होते तिने दिले, जिला गरज होती तिला मिळाले. आम्ही मात्र देवासला उलटे केले. विधवेकडून घेतले आणि तिलाच दुर्कस म्हटले.

मग दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेचे काय? मार्काच्या बाराव्या अध्यायात प्रभूने तिची प्रशंसा केली, हे खरे. परंतु त्याच अध्यायात, तिच्या गोष्टीच्या अगदी आधी, विधवांची घरे गिळून टाकणाऱ्या व लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांविषयी त्याने इशारा दिला आहे. आपण प्रवचनात बहुधा एक भाग वाचतो व दुसरा सोडतो. दोन्ही एकत्र वाचले म्हणजे कळते की प्रभू देणारीची प्रशंसा करतो, घेणाऱ्यांची करीत नाही. तिने सर्वस्व दिले म्हणून तिच्याकडून सर्वस्व घेणारे निर्दोष ठरत नाहीत.

यावरून आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला असे दिसते: सेवा हा शब्द करणाऱ्याच्या तोंडी शोभतो, करवून घेणाऱ्याच्या तोंडी नाही. कॅनडाच्या डॉ. मार्गारेट ओहारा १८९१ साली मध्य भारतात आल्या आणि धार येथे स्त्रियांच्या औषधोपचाराचे काम त्यांनी केले. आयुष्याची कितीतरी वर्षे त्यांनी या कामाला दिली. ते देणे त्यांनी स्वतः निवडले होते, म्हणूनच त्याला सेवा म्हणायचे. हेच काम कोणी त्यांच्या संकोचाचा फायदा घेऊन करवून घेतले असते तर त्याचे नाव निराळे झाले असते.

आता जे आक्षेप आम्ही स्वतःच आमच्या मनाला सांगून पाहिले ते येथे मांडतो.

पहिला आक्षेप: “त्या घरीच तर असतात.” धार येथे सुगीच्या सणाच्या विक्रीत हेच वाक्य आम्ही ऐकले. भगिनींनी शिवलेल्या पिशव्या मांडल्या होत्या. त्यांतील काहींना बाग छापाचे कापड लावलेले होते. बाग हे धार जिल्ह्यातलेच गाव. तेथील खत्री कारागीर कापड धुतात, हरड्याच्या पाण्यात भिजवतात, लाकडी ठशांनी छापतात, लाल रंग चढवण्यासाठी धावडीच्या फुलांबरोबर उकळतात. एक बंधू पिशवी हातात घेऊन म्हणाले, “एवढी किंमत कशाला? घरीच तर शिवता.” त्या कापडाचा दर दुकानात त्यांनी निमूटपणे दिला असता. छापणाऱ्याचे श्रम त्यांना दिसले, शिवणारीचे दिसले नाहीत, कारण ते चुलीपासून चार हातांवर झाले होते. पण घरात घालवलेला तास बाहेरच्या तासापेक्षा लहान नसतो. आपल्या देशाच्या १९४८ च्या किमान वेतन कायद्यानेही ही गोष्ट ओळखली होती. व्यापारासाठी दुसऱ्याने दिलेला माल घरी नेऊन शिवणाऱ्यालाही त्यात कामगार धरले होते. आपली विक्री हा व्यापार नव्हे, हे खरे; पण सरकारी कायद्याला जे दिसले ते प्रभूच्या मंडळीला दिसू नये काय?

दुसरा आक्षेप: “किंमत वाढवली तर कोणी घेणार नाही आणि बिचारीचे उलट नुकसान होईल.” हा आक्षेप खोटा नाही. १९३५ साली गांधीजींपुढे हाच पेच होता. खादी स्वस्त राहावी म्हणून सूत कातणाऱ्या बायांना दिवसाकाठी अगदी क्षुल्लक मजुरी मिळत असे. गांधीजींनी आठ तासांच्या कामाला आठ आणे हा आदर्श पुढे ठेवला. खादी महागेल व खपणार नाही, असे त्यांच्याच सहकाऱ्यांना भय वाटले. आठ आणे देणे अखिल भारत चरखा संघाला जमले नाही, परंतु कातणीचा दर वाढवून निर्वाहापुरती मजुरी देण्याचे धोरण संघाने स्वीकारले. जे कापड गरिबांच्या नावाने विकायचे ते गरिबाच्याच पोटाला चिमटा घेऊन स्वस्त करता येत नाही, हा त्यातला मुद्दा होता. आपल्या विक्रीच्या मेजावरही तो तितकाच लागू आहे.

तिसरी गोष्ट आक्षेपाची नाही, दयेची आहे, आणि ती अधिक फसवी आहे. आपण कधीकधी पिशवी दयेपोटी घेतो. घरी आणून कपाटात टाकतो, कारण बंद कच्चा आहे किंवा रंग जातो. शिवणारीला मात्र सांगतो, “फारच सुंदर!” यात पैसा जातो, पण मान मिळत नाही. ज्याला आपण बरोबरीचा मानतो त्याला आपण त्याच्या कामातला दोष सांगतो. देवास जिल्ह्याच्या बागली तहसिलीत ‘समाज प्रगती सहयोग’ ही संस्था १९९० पासून आदिवासी खेड्यांत पाण्याचे व शेतीचे काम करीत आली आहे. तिच्याच आधाराने तेथे ‘कुंबाया’ नावाचा शिवणकामाचा उद्योग उभा राहिला. प्रभूला जवळ ये म्हणून बोलावणारे या नावाचे गीत आपल्या तरुण संघांना ठाऊक आहे. ज्यांनी पूर्वी कधी यंत्राला हात लावला नव्हता अशा खेड्यातल्या स्त्रिया तेथे शिवणे शिकल्या, काही अपंग माणसेही शिकली. आपल्या आज्या गोधडी करीत तसा तुकड्याला तुकडा जोडून त्यांनी कपडे, पिशव्या, पांघरुणे केली. पुढे या शिवणाऱ्यांचीच उत्पादक कंपनी झाली. कीव करून घेतलेल्या पिशवीवर असा उद्योग फार दिवस चालत नाही. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते ते पिशवी टिकली म्हणूनच. नीट शिकवणे, चूक दाखवणे आणि पुरता दाम देणे, ही दयेपेक्षा कठीण प्रीती आहे.

मग आपण कोणाकडे काहीच मागू नये काय? तसे नाही. मार्ग साधा आहे. ज्या कामावर एखाद्याचे पोट चालते ते काम मागताना आधी दर विचारावा आणि दाम हातात ठेवावा. नंतर त्या बहिणीला त्यातले काही किंवा सगळे अर्पणपेटीत टाकायचे असेल, तर ते तिचे देणे होईल व प्रभू ते पाहील. हनन्याला दोष देताना पेत्रानेही आधी हेच कबूल केले की जमीन त्याची होती आणि विकल्यावर पैसाही त्याच्याच स्वाधीन होता. जे हातात आलेच नाही ते कोणी देऊ शकत नाही.

आणि आपल्या अर्पणाचे काय? दुसऱ्या शमुवेलाच्या चोविसाव्या अध्यायात अरवना यबूसी दाविदाला खळे व बैल फुकट देऊ करतो. दाविदाने ते तसेच घेतले असते तर कोणी त्याला नावे ठेवली नसती. देणारा राजी होता, काम परमेश्वराचे होते. परंतु स्वतःला ज्याची काही किंमत पडली नाही असे होमार्पण करणार नाही, असे म्हणून त्याने पन्नास शेकेल रुपे मोजले. आम्ही साठ बटवे वाटले, पण त्यांची किंमत आम्हांला पडली नव्हती. मावशींना पडली होती.

मावशींचे राहिलेले पैसे आम्ही दिले. त्यांनी ते घेतले, आढेवेढे घेतले नाहीत, याचा आम्हांला आनंद झाला. पुढच्या नाताळापूर्वी आम्ही आधी दर विचारला. मावशी जरा विचार करून म्हणाल्या, “भाऊ, साठ होणार नाहीत. गणवेशांचे काम आले आहे. चाळीस करीन.” आदल्या वर्षी त्यांना ‘नाही’ म्हणता आले नव्हते, या वर्षी आले. आम्हांला वाटते, देणे खरे असायचे तर ‘नाही’ म्हणण्याची वाट आधी मोकळी असली पाहिजे.

उरलेले वीस बटवे शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी व आम्ही मिळून शिवले. आमच्या पहिल्या बटव्याला दोन तास लागले. तो दोनदा उसवावा लागला, आणि तरी त्याचे तोंड पुरते मिटत नव्हते. खाऊ वाटताना तो एका लहान मुलाच्या वाट्याला आला. त्याने नाडी ओढून पाहिली आणि विचारले, “हा कोणी शिवला?” आम्ही सांगितले. आजवर मुलांनी आमच्याकडून कितीतरी वचने घेतली, पण आम्ही बसून शिवलेले असे त्यांच्या हाती प्रथमच गेले.

बंधुभगिनींनो, येत्या सणाची यादी करताना एवढे करून पाहा. प्रत्येक वस्तूपुढे तिला किती तास लागतील ते लिहा, आणि ते तास कोणाचे आहेत तेही लिहा. जे तास आपले आहेत ते आनंदाने द्या, त्यांना सेवा म्हणा. जे दुसऱ्याचे आहेत त्यांचा दाम मोजा. तिला ते द्यायचे असतील, तर सेवा हा शब्द तिला स्वतःच्या तोंडाने उच्चारू द्या.