फुकटचे ऊन

‘ऊन फुकट आहे, सरकार मदत देते आहे, मग विचार कसला करताय अब्बा?’ मुलाचा प्रश्न सरळ होता. आमच्या कोकणातल्या घराच्या गच्चीवर तीन किलोवॅटचे सौर पॅनेल बसवायचे, असे त्याने मनाशी ठरवले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. उरलेल्या पैशांसाठी बँकेचे कर्ज. ‘मग एसीही लावता येईल,’ तो म्हणाला.

माझे मन दोन ठिकाणी अडले. पहिली अडचण व्याजाची. निकडीच्या वेळी काहीजण सवलत मानतात, काहीजण मुळीच मानत नाहीत. मी फतवा द्यायला बसलेलो नाही. पण स्वतःला एवढे विचारले, की ही निकड आहे का? घरात वीज आहे, बिल भरण्याची ऐपत आहे. मग ‘मजबुरी’ हा शब्द आपण एसीसाठी तर वापरत नाही ना?

दुसरी अडचण ‘फुकट’ या शब्दाची. विहीर काठोकाठ भरलेली असतानाही माझी अम्मी वजूसाठी तांब्याभरच पाणी घेई. लहानपणी मला ती कंजुषी वाटे. वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, असे हदीसमध्ये येते, हे पुढे कळले. वस्तू मुबलक असली म्हणून इस्राफ माफ होत नाही. शिवाय ऊन अल्लाहची देणगी असली, तरी पॅनेल उन्हाचे बनत नाही. त्याला सिलिकॉन, काच, ॲल्युमिनियम लागते, भट्ट्या पेटवाव्या लागतात. पंचवीसेक वर्षांनी त्याचे भंगार होते.

मग बसवूच नये का? तेही पटेना. आपल्या राज्यातली बरीचशी वीज अजून कोळसा जाळूनच होते. तिची राख वीजकेंद्राजवळ राहणाऱ्यांच्या अंगणात पडते. शेजाऱ्याचा हक्क आपण भिंतीपुरता मोजतो. पण ज्याच्या अंगणातल्या राखेवर माझा पंखा फिरतो, तोही माझा शेजारीच.

पाहणीला आलेल्या तंत्रज्ञाने सांगितले, की बॅटरी नसलेली साधी यंत्रणा बाहेरची वीज गेली की भर उन्हातही आपोआप बंद पडते. मुलगा हिरमुसला. कारण विचारले, तर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या घरातल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून. आपल्या उजेडापायी दुसऱ्याचा जीव जाऊ नये, एवढी काळजी यंत्रसुद्धा घेते.

शेवटी वर्षभराची बिले मांडली. महिन्याला सरासरी शंभर युनिट. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देते, पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. म्हणजे गरज भागते. अनुदान नंतर खात्यात येते, पण तोवरची रक्कम बचतीतून निघत होती. एक किलोवॅटच बसवायचे ठरले.

‘पण जास्तीची वीज शेजाऱ्यांच्याच घरात गेली असती ना, अब्बा?’ मुलाने विचारले. त्याचे म्हणणे खरे होते. दिवसा आपण न वापरलेली वीज त्याच तारांतून जवळच्या घरांत जाते. मी म्हटले, ‘तोच इरादा असेल, तर पैसे साठव. गच्चीवर जागा ठेवली आहे.’