घामाचा वाटा

पीएम किसानचे वर्षाला 6000 आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे 6000, असे 12000 रुपये महाराष्ट्रातल्या पात्र शेतकरी कुटुंबाच्या खात्यावर हप्त्याहप्त्याने जमा होतात. अतिवृष्टीनंतर पंचनामे झाले की नुकसानीची मदतही थेट बँकेत येते. मधले हात गेले, हे चांगलेच झाले. पण हा पैसा सातबाऱ्यावरचे नाव पाहून येतो. त्या रानात राबले कोण, हे कुणी विचारत नाही.

मराठवाड्यात, विदर्भात गावोगाव बटईची शेती चालते. मालक नोकरीसाठी शहरात असतो, नाहीतर वयाने थकलेला असतो. पाडव्याच्या सुमारास तोंडी बोली होते: बियाणे, खत, फवारणी निम्मी-निम्मी, राबणूक बटईदाराची, माल अर्धा-अर्धा. मग सोयाबीनची पेरणी, कोळपणी, खुरपणी नवरा-बायको मिळून उरकतात. ई-पीक पाहणीच्या वेळी बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढणारा अनेकदा बटईदारच असतो. नोंद मात्र मालकाच्या गटावर चढते. ऐन काढणीत पाऊस कोसळतो, शेंगांतच दाण्यांना कोंब फुटतात. निम्मे पीक बटईदाराचे बुडते आणि दुकानदाराची उधारी त्याच्या डोक्यावर राहते. केंद्राच्या आपत्ती निकषांत जिरायत पिकाला हेक्टरी 8500 रुपये धरलेले आहेत. ती रक्कम आली की सगळी खातेदाराच्या नावावर जाते.

कागद का होत नाही? कूळ लागेल ही मालकाची भीती. 1 एप्रिल 1957 या कृषक दिनी तेव्हाच्या मुंबई राज्यात हजारो कुळे कसत्या जमिनीची मालक झाली. कूळ कायद्याने मोठा न्याय केला, पण त्याच्या धाकाने पुढची बटई कायमची तोंडी राहिली. ही भीती दूर करणे अशक्य नाही. आंध्र प्रदेशाने 2019 च्या कायद्याने कसणाऱ्याला 11 महिन्यांचे पीक हक्कपत्र देण्याची सोय केली. त्यावर कर्ज, विमा, भरपाई मिळू शकते आणि मालकी हक्काला धक्का लागत नाही. ओडिशाने कालिया योजनेत बटईदारांनाही मदतीला पात्र धरले. आपल्याकडेही हे व्हायला हवे, आणि त्यासाठी शेतकरी संघटनांनी, लोकप्रतिनिधींनी आवाज उठवायला हवा.

पण सगळा भार सरकारवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. पीएम किसानचा पैसा बी-बियाणे, खतांच्या खर्चाला हातभार म्हणून दिला जातो. बियाण्याचा निम्मा खर्च ज्याने केला, त्याचा त्या मदतीवर निम्मा हक्क का नसावा? भरपाई तर बुडालेल्या पिकाची असते. पीक दोघांचे होते, मग भरपाई एकट्याची कशी? कायदा मालकाला ती रक्कम ठेवू देतो, म्हणून ती ठेवणे न्यायाचे होत नाही. मालक श्रीमंतच असतो असे नाही. चार एकरांची मालकीण असलेली विधवा बाईसुद्धा जमीन बटईने लावते आणि तिलाही पैशाची नड असते. म्हणूनच सगळे द्या असे कुणी म्हणत नाही. ज्या हिशेबाने माल वाटला जातो, त्याच हिशेबाने मदत वाटावी, एवढेच.

असे करणारे मालकही आहेत. हप्ता जमा झाल्याचा मेसेज आला की ते बटईदाराला हाक मारतात. त्यांना कुणी सक्ती केलेली नसते.

वाचकांपैकी अनेकांची गावाकडची जमीन आज दुसरा कोणीतरी कसत असेल. येत्या पाडव्याला बोली ठरवताना चार माणसांसमोर एक अट वाढवा: या रानावर सरकारची जी मदत येईल, तिचाही वाटा होईल. आणि यंदाची भरपाई खात्यावर आली असेल, तर पाडव्यापर्यंतही थांबू नका.