आडवा प्रश्न



जन्मभर कीर्तनाला उभा राहिलेला हा म्हातारा आज तुम्हांला लोखंडाची गोष्ट सांगणार आहे. थोडा धीर धरा.

माझा भाचा एका कारखान्यात पोलादी भाग तपासतो. एकदा तो मला सोबत घेऊन गेला. समोर गाडीचा आस होता, आरशासारखा लखलखीत. मी म्हणालो, "यात कसली खोट?" त्याने आस पुसून स्वच्छ केला, त्यात चुंबकत्व भरले आणि लोखंडाचे बारीक कण मिसळलेले तेल वरून ओघळू दिले. मग अंधार करून अतिनील दिवा लावला. त्या लखलखीत अंगावर केसाएवढी हिरवट-पिवळी रेघ उजळली. ती भेग!

चुंबकाची शक्ती पोलादातून वाहते. वाटेत भेग आडवी आली की ती तिथे बाहेर सांडते आणि सांडलेल्या जागी लोहकण गोळा होतात. १८६८ साली इंग्लंडात सॅक्सबी नावाच्या गृहस्थाने तोफांच्या नळ्यांवरून होकायंत्र फिरवून असे दोष शोधले होते. पुढे १९२० नंतरच्या काळात अमेरिकेत विल्यम होक यांना दिसले, की चुंबकाने धरलेले पोलाद घासताना निघालेला कीस नेमका भेगांच्या रेघांवर जाऊन बसतो. लोहकण भेग पाडत नाहीत, असलेली दाखवतात.

मी विचारले, "झाली का परीक्षा?" भाचा म्हणाला, "मामा, अर्धीच झाली. चुंबकत्व ज्या दिशेने वाहते त्याच दिशेने भेग असेल, तर ती दिसत नाही. म्हणून दोनदा तपासायचे, एकदा उभे, एकदा आडवे."

ते ऐकले आणि माझ्या पोटात कालवले.

वाचकहो, पुष्कळ वर्षांपूर्वी एका सप्ताहात मी निःस्पृहतेवर निरूपण केले. लोक डोलले, पाया पडले. रात्री पंगत उठल्यावर एक वृद्ध विणेकरी हळूच म्हणाले, "महाराज, बिदागी कमी म्हणून आपण त्या दुष्काळी गावची तारीख मोडलीत. मग आजचे निरूपण कोणासाठी होते?" मी त्यांना मत्सरी ठरवले. पुन्हा कधी त्यांना बोलावले नाही. आता ते वैकुंठवासी झाले. क्षमा मागायची राहून गेली. चाळीस वर्षे स्तुती एकाच दिशेने वाहत होती आणि माझी भेग त्याच दिशेने पडलेली होती. आडवा प्रश्न एकट्या त्यांनी विचारला.

तुम्ही म्हणाल, दोष काढणारा प्रत्येक जण हितचिंतक असतो का? नसतो. भाचा सापडलेल्या भेगेवर खडूने खूण करतो, चारचौघांत बोभाटा करत नाही. त्याचे लक्ष त्या आसावर भार टाकून प्रवास करणाऱ्यांकडे असते. निंदकाचे लक्ष स्वतःकडे असते. पण निंदकाने दाखवलेली भेगही भेगच. सांगणाऱ्याचे मन काळे म्हणून माझे पोलाद अखंड होत नाही. त्याच्या हेतूचा हिशोब त्याच्यापाशी, भेगेचा माझ्यापाशी.

या परीक्षेलाही मर्यादा आहे. तांब्या-पितळेवर ती चालत नाही. पोलादातही वरच्या थरातलेच दोष दाखवते. खोल पोटातले तिला कळत नाही. आपल्याही पोटातले जगाला कळत नाही. तिथे ज्याने त्याने पांडुरंगासमोर बसून स्वतःच पाहायचे.

आणि शेवटची गोष्ट. तपासणी झाली की भाचा आसातले चुंबकत्व काढून टाकतो. नाहीतर पुढे जिकडे तिकडे कीस चिकटत राहतो. कोणी दोष दाखवला तर तो पाहावा, दुरुस्त करावा, आणि मनातली अढी तिथेच उतरवून ठेवावी. मी ती उतरवली नाही. तुमच्या दारी आज कोणी आडवा प्रश्न घेऊन आला, तर त्याला बसायला पाट द्या. मला उशीर झाला, तुम्हांला होऊ नये.

रामकृष्णहरी.