स्टाफची थाळी

एसटीत वाहक म्हणून उमेदीची सगळी वर्षं गेली. लातूर-नांदेड, लातूर-पुणे, मुखेड-कंधारकडच्या मुक्कामी गाड्या, माळेगावच्या यात्रेच्या जादा गाड्या. शिल्लक काय राहिलं म्हणाल तर गुडघेदुखी आणि भत्त्यावरचे विनोद. आमचे एक चालक पगाराच्या चिठ्ठीवर, रात्रवस्तीच्या भत्त्यापाशी बोट ठेवून विचारायचे, "मास्तर, ह्यो आकडा हाय का माशी बसलीय?" दुसरे म्हणायचे, मुक्कामाला डास आपल्याला खातेत, त्यांच्या जेवणाचं बिल कुणाच्या नावावर पडतं? आगाराच्या कँटीनमध्ये असं काही निघालं की हसून पुरेवाट व्हायची.

हे आमच्यापुरतंच नव्हतं. माझा मावसभाऊ हवाई दलात, मालवाहू विमानावर होता. सुट्टीवर आला की त्याचेही किस्से भत्त्याचेच. केंद्राच्या नियमात दौरा सहा तासांच्या आत आटोपला तर दैनिक भत्ता 30 टक्के, सहा ते बारा तासांना 70 टक्के आणि बारा तासांच्या वर गेला की पूर्ण. म्हणून साडेअकरा तासांत परत उतरणारं विमान कुणालाच आवडत नाही, असं तो सांगायचा. धुकं पडलं की पुढे बसलेला हवामानाला शिव्या देतो आणि मागे बसलेले मनातल्या मनात नमस्कार करतात. पोटासाठी घराबाहेर राहणारा माणूस ढगात असो की बालाघाटाच्या चढावर, हिशोब सारखाच.

या हसण्यानं आम्हाला तगवलं, हे खरंच आहे. आता रिकामा वेळ आहे म्हणून मी त्याचा ताळेबंद मांडायला बसलो, तेव्हा दुसरी बाजूही दिसली. भत्त्याचं गाऱ्हाणं वर कुणाकडे नेलं का? मी तरी नाही. ते कँटीनमध्येच हसण्यावारी गेलं. त्याची वसुली मात्र मी खाली केली, प्रवाशाकडून.

लांब पल्ल्याची गाडी ढाब्यावर थांबली की चालक-वाहकासाठी आत वेगळं टेबल असे. पनीर, गरम तंदुरी रोटी, वर ताकाचा गिलास. पैसे शून्य. मालक धर्म करत नव्हता. गाडीत चाळीस माणसं, प्रत्येकाच्या चहा-वड्यात दहा रुपये जास्त लावले तरी चारशे होतात. त्यात आमच्या दोन थाळ्या निघून वर उरतं. हे गणित मला येत नव्हतं असं कसं म्हणू? रोज रात्री वे-बिल जुळवणारा माणूस मी. अधिकृत थांब्यावर 30 रुपयांत चहा-नाश्ता द्यायचा, अशी योजना पुढे आली. तिचा फलक कुठे लागलाय आणि कुठे नाही, हे बघायला मी कधी मान वर केली नाही. (17 मार्च 2023 पासून बायकांना तिकीट अर्धं झालं. ढाब्यावरचा चहा अजून पूर्णच आहे.)

एकदा पुण्याच्या गाडीला अहमदपूरकडची एक म्हातारी होती. ढाब्यावर तिनं फडक्यातली भाकरी सोडली, तर पोऱ्यानं तिला टेबलावरून उठवलं, बाहेरचं खायचं असेल तर बाहेर जा म्हणाला. मी आतून जेवून, हात पुसत आलो, तेव्हा ती गाडीच्या मागच्या चाकापाशी उभ्यानं खात होती. मला बघून म्हणाली, "मास्तर, तुमाला बी चा एवढ्यालाच पडतो का वो?" मी आपला नेहमीचा विनोद टाकला, "मावशी, आमचा भत्ता बघितलात तर तुम्हीच आम्हाला चहा पाजाल." तिला तो विनोद वाटलाच नाही. तिनं अर्धी भाकरी मोडली, वर मिरचीचा ठेचा ठेवला आणि पुढे केली. मी घेतली. नको म्हटलं असतं तर जेवलोय हे सांगावं लागलं असतं. कुठे जेवलो, कितीला जेवलो, तेही.

मन लगेच वकिली करतं. म्हणतं, फुकट तर तू मुक्कामाच्या गावातही खाल्लंस. खाल्लं. रात्री गाडी पारापाशी लावली की कुणाच्या तरी घरून येसर आमटी आणि ज्वारीची भाकरी यायची. त्या घरातली पोरं पहाटेच्या गाडीनं तालुक्याला शाळेत जाणार असत. गाडी वेळेवर सुटावी, एवढाच त्यात स्वार्थ. तिथे ताट समोर आलं की मला भत्त्यावरचा विनोद सुचत नसे. ढाब्यावर मात्र पहिल्या घासाआधीच सुचायचा. खात्री करून घ्यावी लागते तिथेच माणूस जास्त बोलतो, असं आता वाटतं.

ऑक्टोबर 2021 च्या अखेरीपासून एप्रिल 2022 पर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा मी लातूरच्या स्थानकावर जाऊन बसायचो. मंडपात महामंडळाच्या राज्य सरकारात विलीनीकरणाच्या घोषणा होत्या, किराण्याच्या उधारीच्या गोष्टी होत्या. माशीचा विनोद कुणी काढला नाही. आम्ही इतकी वर्षं हसत राहिलो म्हणून हे नोकरीतल्या नव्या पोरांच्या अंगावर आलं का, असंही मनात आलं. ते अर्धंच खरं असेल. महामंडळाचा तोटा आमच्या विनोदांनी झालेला नव्हता.

भत्ता वाढायला हवा होता, हे मी आजही भांडून सांगेन. पण वाढला असता तर ढाब्यावर खिशात हात घातला असता का? नसता घातला. वाढलेला भत्ता घरी नेला असता, आणि पनीर तिथेच खाल्लं असतं.