चौथा गट

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नवी वही उघडते, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते. तरी जुन्या वहीतली देणी नव्या वहीत ओढावीच लागतात. कुणाच्याच वहीत न मांडलेल्या अशा एका देण्याविषयी मला आज बोलायचे आहे.

१९९९ साली उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, एक अभ्यास सुरू झाला. गर्भाशयमुखाचा कर्करोग प्रकट होण्याआधी वर्षानुवर्षे दबा धरून बसतो. तेवढ्यात सापडला तर बाई वाचते. खेड्यापाड्यांत तो कोणत्या तपासणीने हेरावा, हा प्रश्न होता. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचे गावांनुसार चार गट पाडले. पहिल्यात रोगाच्या मुळाशी असणारा विषाणू शोधला. दुसऱ्यात काचपट्टीवरच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. तिसऱ्यात शिरक्यातले आम्ल विरळ करून लावले आणि पांढरा डाग उमटतो का, ते नुसत्या डोळ्यांनी पाहिले. चौथ्या गटाला नेहमीचीच सोय होती. म्हणजे अभ्यासातर्फे तपासणी नाही.

२००९ साली उत्तर छापून आले. गट साधारण सारखेच मोठे होते. आठ वर्षांत या रोगाने पहिल्या गटात ३४ बायका गेल्या, दुसऱ्यात ५४, तिसऱ्यात ५६ आणि चौथ्यात ६४.

चौथा गट असा सोडणे न्याय्य होते काय? कोणी म्हणेल, त्यांच्याकडून काही काढून घेतले नाही. मुळात तिथे काही नव्हतेच. पण शेजारच्याच्या घरी चूल पेटत नाही, एवढ्याने त्याच्या उपासाची मोजदाद करण्याचा हक्क आपल्याला मिळतो काय? दुसरा म्हणेल, कोणती तपासणी खेड्यात खरोखर जीव वाचवते ही शंका खरी होती. तेही खोटे नाही. काचपट्टीची तपासणी शहाण्या देशांत नावाजलेली. इथे एका फेरीत तिचा लाभ थोडकाच दिसला. तुलना केली नसती तर हे कळले नसते.

मला वाटते, या प्रश्नाचा निवाडा त्या वर्षांत नाही, नंतरच्या वर्षांत आहे. ज्ञानासाठी कोणाला वाट पाहायला लावली, तर ज्ञान हाती आल्यावर आपण वाट पाहायची नसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर भारतीय बायकांमागे अशी तपासणी कधी तरी झालेल्या दोनसुद्धा भरल्या नाहीत. अभ्यास संपला, चौथा गट मात्र देशभर पसरून राहिला. आता तर कसली शंकाही उरलेली नाही. आहे ती केवळ आपली सवय.

दिवाळीला घरी आलेल्या आत्याला, फराळाचे ताट पुढे करणाऱ्या वहिनीला हे विचारायला आपली जीभ अडखळते. त्या अडखळण्याला आपण मर्यादा म्हणतो. त्या चौसष्ट जणींचे देणे फिटायचे असेल, तर आधी घरातच विचारले पाहिजे : "तुमची तपासणी झाली का हो?"