तीसमधली एक

पावसाळ्याआधी फ्लूची लस घे असं मी आत्याला म्हटलं, तेव्हा तिनं नाही म्हटलं नाही. हिशेब मागितला. आत्या 78 वर्षांची, सांगलीच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेली. मी डॉक्टर, आणि माझे निम्मे पेशंट तिच्याच वयाचे.

“लस न घेतलेल्या शंभर जणींपैकी एका हंगामात किती जणींना फ्लू होतो?”

“म्हाताऱ्या माणसांवरच्या चाचण्या एकत्र करून 2018 साली कोक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी आकडे काढले. न घेतलेल्या शंभरात सहा. घेतलेल्या शंभरात दोन-अडीच.”

“म्हणजे एकीचा फ्लू टळायला तीस जणींना टोचायचं. एकोणतीस जणींना सुई तेवढी मिळाली. आणि मरण किती टळतं?”

“त्याचा पुरावा त्या चाचण्यांत तोकडा आहे. तेवढी माणसंच त्यांत नव्हती.”

“हे तू पेशंटना सांगतेस?”

मी सांगते ते असं: लस घेतली की फ्लूचा धोका निम्म्याहून कमी होतो. तेही खरंच आहे. सहाचे अडीच झाले म्हणजे निम्म्याहून कमीच झाले. दोन्ही वाक्यं एकाच आकड्यांतून निघतात. एक ऐकून माणूस बाही वर करतो, दुसरं ऐकून “बघू पुढच्या वर्षी” म्हणतो. बाहेर वीस पेशंट बसलेले असताना मी पहिलं निवडते आणि त्यात मला गैर वाटत नाही. तसं मी तिला सांगितलं.

“उत्तर बरोबर आलं म्हणून मी कधी पूर्ण गुण दिले नाहीत,” आत्या म्हणाली. “रीत बघायचे. तुझी रीत कुठाय?”

“रीत ऐकून एखादी घरी गेली आणि ऑगस्टमध्ये न्यूमोनिया होऊन आयसीयूत आली तर?”

“तर तुला फार वाईट वाटेल. पण नाही म्हणणारी ती होती. अर्धं सांगून तिचा होकार घेतलास, तर निर्णय तुझा आणि दंड तिचा.”

“सगळ्यांना गणित येत नाही, आत्या.”

“मंडईत पावशेर मिरचीचा भाव करते ती. शंभरात सहा आणि शंभरात दोन तिला कळणार नाहीत असं तुला वाटतं, कारण ती म्हातारी आहे. तिशीतल्या बाईला तू दोन्ही वाक्यं सांगितली असतीस.”

यावर बराच वेळ आमचं घोडं अडलं. मी म्हटलं, नुसता फ्लू मोजून भागत नाही. कॅनडातल्या आँटारिओ प्रांतात हजारो रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा तपासणीत फ्लू ठरल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीच्या सहापट निघालं.

“सहापट कशाच्या? लहान आकड्याची सहापटही लहानच असते.”

“तुझा आकडा लहान नाही. तुला स्टेंट घातलेला आहे.”

ती थोडी थांबली. मग कोविशील्डवर आली. “2021 च्या मार्चमध्ये रांगेत उभं राहून मी ती घेतली. तेव्हा तुम्ही सगळे म्हणालात, अगदी सुरक्षित. आणि 2024 मध्ये पेपरात वाचलं की रक्ताच्या गाठी होऊ शकतात असं मूळ कंपनीनं इंग्लंडच्या कोर्टात मान्य केलंय.”

“फार विरळा होतात, आणि तुझ्या वयात आणखी कमी. कोविडनं त्या वर्षी तुझ्या वयाची किती माणसं गेली ते तू पाहिलंस. पुन्हा तशी वेळ आली तर मी तुला पुन्हा रांगेत उभं करीन.”

“मीही राहीन. पण ‘फार विरळा’ हे दोन शब्द मला पेपरातून का कळावेत? या फ्लूच्या लशीचे असे दोन शब्द कुठले, ते आज सांग.”

मी सांगितलं. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण येते. हातापायांतलं बळ जाण्याचा गियाँ-बारे नावाचा आजार दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला होऊ शकतो. लशीतला विषाणू मेलेला असतो, त्यानं फ्लू होत नाही. आणि विषाणू रूप पालटत राहतो, म्हणून दर वर्षी पुन्हा घ्यावी लागते.

“मला मरणाची भीती नाही,” ती म्हणाली. “तू आल्यापासून मरणाचंच बोलतेस.”

“मग कशाची आहे?”

“अंथरुणाची. कुणीतरी उठवून बाथरूमला न्यावं लागेल, त्याची.”

मी म्हटलं, मग फ्लूला भ्यायचं ते त्याच्याचसाठी. या वयात दोन आठवडे झोपून काढले की पायांतलं बळ जातं आणि सगळ्यांचं परत येत नाही. स्वतः आंघोळीला जाणारी बाई दवाखान्यातून घरी येते ती धरून चालवत.

“हे तीन वाक्यांत सांगितलंस. आधी सहापट कशाला काढलंस?”

“हीसुद्धा भीतीच घातली ना मी?”

“घाल की. पण माझी कुठली ते आधी विचार.”

नातवाचा विषय मीच काढला; घरात शाळेत जाणारं मूल आहे, त्याच्यासाठी तरी घे. हे बोलणं हमखास लागू पडतं. आत्यानं ते उलटवलं: घरात खोकला कोण आणतं, मी की तो? आणि तिचं बरोबर होतं. जपाननं 1962 पासून शाळकरी मुलांना फ्लूची लस दिली, 1994 मध्ये त्या लशीच्या सक्तीचा कायदा मागे घेतला, आणि त्यानंतर हिवाळ्यात जास्तीची म्हातारी माणसं दगावू लागली असा निष्कर्ष 2001 मध्ये छापून आला. त्यावर पुढे वाद झाले, पण म्हाताऱ्यांचं रक्षण मुलांच्या दंडातूनही होतं ही शक्यता आपल्याकडे कुणी बोलून दाखवतसुद्धा नाही. म्हातारीलाच सांगतात, नातवासाठी घे.

“मग घेणार?”

“बघते. आधी हे सांग. माझ्याकडे स्वयंपाकाला येतात त्या ताई बासष्टच्या आहेत. दमा आहे, रोज एसटीनं येतात. धोका त्यांना जास्त की मला?”

“त्या तुझ्याहून लहान आहेत. पण दमा, एसटीतली गर्दी... त्यांनाही घ्यायलाच हवी.”

“त्यांना कुणी विचारलंय?”

कुणी नाही. सरकारी लसीकरण मुख्यतः लहान मुलांचं आणि गरोदर बायकांचं. साठीपुढच्यांना ही लस बहुधा खासगी दवाखान्यातच, हजाराच्या वर रुपये मोजून.

“पैसे मी देईन. सांगायचं तू, तीसमधल्या एकीसकट सगळं. पण मी पैसे देते म्हणून त्या हो म्हणाल्या तर?”

“परवडली म्हणून हो म्हणण्यात वाईट काय? नुसत्या पैशांपायी लस राहणं जास्त वाईट.”

“माझ्याकडून पगार घेणारी बाई मला नाही म्हणू शकते का, ते तू ठरवू नकोस. त्यांना विचार. आणि मी समोर नसताना विचार.”